प्रश्न सुटला तर मते कशी मिळणार?

४ मार्चच्या रात्री डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकी संसदेच्या संयुक्त बैठकीपुढे भाषण केले, तेव्हा आपल्याकडे पाच तारखेची सकाळ होती. चौथ्या रोज्याची सहेरी आटोपून लोक कामाला लागले होते. त्या लांबलचक भाषणातल्या एका वाक्याची नंतर बरीच चर्चा झाली. त्याचा आशय असा : सीमा सुरक्षित करायची तर नवा कायदा हवा, असे डेमोक्रॅट पक्ष आणि माध्यमे सतत सांगत होती, प्रत्यक्षात गरज होती ती फक्त नव्या अध्यक्षाची.

आकडे पाहिले तर हे म्हणणे खोटे वाटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या बाजूने परवान्याशिवाय सीमा ओलांडताना सुमारे अडीच लाख लोक पकडले गेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही संख्या साडेआठ हजारांच्या आत आली. पण या दोन आकड्यांच्या मधे सव्वा वर्षाचा काळ आहे, एक निवडणूक आहे आणि ३७० पानांचे एक विधेयक आहे. ते लिहून तयार होते आणि ज्यांनी मागितले त्यांनीच ते गाडले. ही हकिकत ट्रम्प यांच्या भाषणात नव्हती.

आधी मूळ दुखणे पाहू. सीमेवरची बरीचशी माणसे चित्रपटात दाखवतात तशी लपतछपत पळत नव्हती. नदी ओलांडून ती थेट गस्ती दलाच्या गाडीची वाट पाहत बसत. कारण अमेरिकेचा कायदा असे सांगतो की, त्या भूमीवर पाय ठेवलेल्या कोणालाही, तो कोणत्याही वाटेने आलेला असो, आश्रय मागता येतो. माझ्या देशात माझ्या जिवाला धोका आहे, असे सांगितले की आधी एक छोटी मुलाखत होते आणि मग प्रकरण स्थलांतर न्यायालयाकडे जाते. २०२३ संपताना या न्यायालयांपुढे ३० लाखांहून अधिक प्रकरणे तुंबली होती आणि न्यायाधीश होते सातशेच्या आसपास. तारखेवर तारीख म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. निकाल लागायला वर्षानुवर्षे लागत. तोवर अर्जदार अमेरिकेतच राहतो आणि काही महिन्यांनी त्याला कामाचा परवानाही मिळतो. ज्याचा दावा खरा, त्याची ही वर्षे टांगणीला लागतात. ज्याचा खोटा, त्याची कमाईत जातात. माणसे पोहोचवणाऱ्या दलालांना विकायला एवढी एकच गोष्ट पुरत होती.

हे दुखणे दोन्ही पक्षांना ठाऊक होते आणि आजचे नव्हते. रेगन यांच्या काळात १९८६ साली मोठा स्थलांतर कायदा झाला. त्यात आधीपासून राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. त्यानंतर थोरल्या प्रमाणावर काही जमलेच नाही. धाकट्या बुश यांचा २००७ चा प्रयत्न त्यांच्याच पक्षाने पाडला. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक विधेयक मंजूर केले, तर दुसऱ्या सभागृहाने ते मतदानालाही घेतले नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बायडन यांनी युक्रेन आणि इस्रायलसाठी मोठा निधी मागितला, तेव्हा ही कोंडी फुटण्याची संधी अचानक आली. रिपब्लिकन सिनेटरांनी अट घातली : दुसऱ्यांच्या सीमा राखायला पैसे हवेत, तर आधी आपली सीमा राखा. अट मान्य झाली. वाटाघाटीला तीन जण बसले. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, कनेक्टिकटचे डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि ॲरिझोनाच्या अपक्ष किर्स्टन सिनेमा. लँकफर्ड हे बाप्टिस्ट चर्चच्या युवक शिबिरांचे काम करून राजकारणात आलेले गृहस्थ. त्यांच्या कर्मठपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. चार महिने हे तिघे सुट्ट्यांमध्येही बसत होते. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी मसुदा बाहेर आला.

एकूण रक्कम ११८ अब्ज डॉलर. त्यात युक्रेनला ६०, इस्रायलला १४ आणि सीमेसाठी २० अब्ज. गाझा, वेस्ट बँक आणि युक्रेनमधल्या नागरिकांसाठी १० अब्जांची मानवी मदतही होती. मात्र पॅलेस्टिनी निर्वासितांचे काम पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला यातला एक डॉलरही जाऊ नये, असे कलम सोबत जोडलेले होते. एका गाठोड्यात किती देशांचे नशीब बांधता येते, ते या कागदावर दिसत होते.

सीमेपुरते पाहिले तर डेमोक्रॅट पक्षाने इतका कडक कायदा याआधी कधी मान्य केला नव्हता. पहिल्याच मुलाखतीत लागणारा पुरावा वाढवला होता. प्रकरणे न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहण्याऐवजी आश्रय अधिकाऱ्यांनीच सहा महिन्यांच्या आत निकाली काढावीत, यासाठी असे ४,३०० अधिकारी नव्याने नेमायचे होते. कोठडीतल्या जागा ३४ हजारांवरून ५० हजारांवर जाणार होत्या. आणि एक नवा अधिकार होता : पकडल्या जाणाऱ्यांची सात दिवसांची सरासरी रोज ५ हजारांवर गेली, तर चोरवाटेने येणाऱ्यांसाठी आश्रयाचा दरवाजा सरकारने बंद करायचाच. सरासरी ४ हजारांवर गेली तर बंद करायचा की नाही, हे सरकारने ठरवायचे.

या पाच हजारांच्या आकड्यानेच विधेयकाचा घात केला. विरोधकांनी त्याचा अर्थ लावला की, हा कायदा रोज ५ हजार घुसखोरांना आत घेण्याची परवानगी देतो. हे साफ चूक होते. तो आकडा नदीवरच्या पूररेषेसारखा होता, रेषेखालच्यांनाही नव्या कडक चाळणीतूनच जायचे होते. पण चाळणी समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात आणि ‘रोज पाच हजार’ म्हणायला दोन सेकंद. लँकफर्ड एकेका वाहिनीवर जाऊन दहा मिनिटे मागत राहिले. मिळाली नाहीत. सीमा गस्ती दलाच्या कर्मचारी संघटनेने, म्हणजे २०२० मध्ये ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा देणाऱ्या त्याच संघटनेने, विधेयक मंजूर करा असे सांगितले. सीमेवर उभ्या असणाऱ्यांचे हे मतही कोणी विचारात घेतले नाही.

कारण तोवर गणित बदलले होते. २३ जानेवारीला न्यू हॅम्पशायरची प्राथमिक निवडणूक जिंकून ट्रम्प यांनी पक्षाची उमेदवारी जवळपास खिशात घातली होती. या सौद्याला आपला विरोध आहे, हे त्यांनी लपवले नाही. महिनाअखेरीस लास वेगासच्या सभेत तर त्यांनी सांगूनच टाकले की, विधेयक पडले तर दोष खुशाल मला द्या. त्यांच्याच पक्षाचे सिनेटर मिट रॉम्नी यांनी त्याच सुमारास पत्रकारांना स्पष्ट सांगितले : बायडन यांच्यावर खापर फोडता यावे म्हणून ट्रम्प यांना सीमेचा प्रश्न सुटायला नको आहे आणि ही गोष्ट किळस आणणारी आहे. प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी विधेयक आमच्या दारात येईल तेव्हा मेलेलेच असेल, असे जाहीर केले. लँकफर्ड यांनी सिनेटच्या भर सभेत सांगितले की, एका लोकप्रिय भाष्यकाराने त्यांना निवडणुकीच्या वर्षात हा प्रश्न सोडवणारे विधेयक आणलेत, मग त्यात काहीही असो, तर तुम्हाला संपवीन, अशी तंबी दिली होती. ‘मग त्यात काहीही असो’ हे शब्द वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत.

७ फेब्रुवारीला मतदान झाले. पुढे जायला ६० मते लागतात, मिळाली ४९. रिपब्लिकन पक्षाच्या चारच सिनेटरांनी बाजूने मत दिले : लँकफर्ड, रॉम्नी, सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की. मसुदा येऊन तीन दिवस झाले होते. त्याच आठवड्यात प्रतिनिधीगृहात, सीमा राखण्यात कसूर केली म्हणून अंतर्गत सुरक्षा मंत्री अलेहांद्रो मायोर्कस यांच्यावर महाभियोग चालवण्याचा ठराव आला. पहिल्या फेरीत तो पडला, पुढच्या आठवड्यात एका मताने मंजूर झाला. कायदा नको, पण मंत्री दोषी. आणि एप्रिलमध्ये युक्रेन-इस्रायलचा निधी वेगळा काढून सुमारे ९५ अब्जांचा मंजूर झाला. ज्या सीमेच्या अटीवर तो अडवला होता, त्या सीमेचे एकही कलम त्यात उरले नव्हते.

इथवरची कथा डेमोक्रॅट पक्षाला फार आवडते. पुढची तितकी आवडत नाही.

बायडन यांनी पहिली तीन वर्षे सीमेकडे अवघड जागेच्या दुखण्यासारखे पाहिले. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी एप्रिल २०२२ पासून स्थलांतरितांना बसमध्ये बसवून वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागोकडे पाठवायला सुरुवात केली. माणसांचा असा वापर करणे निर्दयपणाचे होते, पण त्यामुळे डेमोक्रॅट महापौरच आपल्या अध्यक्षाकडे हात पसरू लागले आणि प्रश्न टेक्सासपुरता राहिला नाही. तरी ३० जानेवारी २०२४ रोजी बायडन म्हणाले की, माझ्या हातात होते ते सगळे मी केले, आता मला अधिकार द्या. विधेयक पडले. आणि ४ जून रोजी त्याच बायडन यांनी, कोणताही नवा कायदा न होता, आदेश काढून आश्रयाचा दरवाजा बंद केला. तोही पाच हजारांवर नव्हे, रोजच्या अडीच हजारांच्या सरासरीवर. मेक्सिकोनेही आपल्या बाजूने आधीच पकड घट्ट केली होती. डिसेंबर २०२४ पर्यंत महिन्याचा आकडा अडीच लाखांवरून ५० हजारांच्या खाली आला होता. ट्रम्प तेव्हा पदावर यायचे होते.

म्हणजे ट्रम्प यांच्या त्या वाक्यातला अर्धा भाग खरा आहे. नव्या कायद्याशिवाय संख्या खाली आणता येत होती. फक्त नव्या अध्यक्षाचीही त्यासाठी गरज नव्हती. जुन्याने वेळेत हात हलवले असते तरी चालले असते. जे जून २०२४ मध्ये शक्य झाले, ते २०२३ मध्ये का झाले नाही, याचे उत्तर डेमोक्रॅट पक्षाने अजून दिलेले नाही. उलट मे महिन्यात त्यांनी तेच विधेयक पुन्हा मतदानाला आणले. पडणार हे ठाऊक असूनच आणले, म्हणजे प्रचारात दाखवायला कागद मिळतो. तेव्हा खुद्द लँकफर्ड आणि सिनेमा यांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराविरुद्ध मत दिले. बाजूने मते ४३, पहिल्यापेक्षाही कमी. दोन्ही पक्षांना एव्हाना कायद्यापेक्षा कायदा न झाल्याची गोष्ट अधिक उपयोगाची वाटू लागली होती. आपल्याकडच्या काही जुन्या प्रश्नांची वाचकांना इथे आठवण झाली, तर त्याला इलाज नाही.

मतदाराने काय पाहिले? गॅलपच्या फेब्रुवारी २०२४ च्या पाहणीत २८ टक्के लोकांनी स्थलांतर हा देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न म्हटले. जूनमध्ये ५५ टक्के लोकांना स्थलांतर कमी व्हावे असे वाटत होते. २००५ नंतर प्रथमच हा आकडा निम्म्याच्या पुढे गेला. कमला हॅरिस यांनी प्रचारात वचन दिले की, ते पाडलेले विधेयक मी परत आणून त्यावर सही करीन. विधेयकाचा आधार घेऊन लढता येत नव्हते असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्येच न्यूयॉर्कजवळच्या एका पोटनिवडणुकीत टॉम सुओझी हे डेमोक्रॅट उमेदवार उघडपणे त्याची बाजू घेऊन जिंकले होते. पण नोव्हेंबरपर्यंत लोकांच्या मनात तीन वर्षांची दृश्ये पक्की बसली होती आणि पाच महिन्यांचे घटते आकडे त्यांना पुसू शकले नाहीत. टेक्सासमधल्या सीमेलगतच्या स्टार परगण्यात जवळपास सगळी वस्ती लॅटिनो वंशाची आहे. शंभराहून अधिक वर्षांत प्रथमच तो रिपब्लिकन उमेदवाराकडे गेला, तोही ५७ टक्क्यांहून अधिक मतांनी.

निवडून आल्यावर आणि दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाल्यावर तरी आश्रयाच्या व्यवस्थेचा कायदा यायला हवा होता. २९ जानेवारीला सही झालेला पहिला कायदा होता ‘लेकन रायली कायदा’. जॉर्जियात २०२४ मध्ये एका विद्यार्थिनीची हत्या झाली, मारेकरी बेकायदा आलेला होता. तिच्या नावाचा हा कायदा. चोरीसारख्या गुन्ह्यात नुसती अटक झाली तरी कागदपत्रे नसलेल्या परदेशी माणसाला कोठडीत ठेवणे त्याने बंधनकारक केले. न्यायालयांच्या तुंबाऱ्याला, आश्रय अधिकाऱ्यांच्या संख्येला, सहा महिन्यांच्या निकालाला त्यात जागा नाही. बाकी सारे तेव्हा आदेशांवर चालले होते. २० जानेवारीला शपथ घेताच सरकारचे अधिकृत मोबाइल ॲप बंद केले गेले. चोरवाटेने न येता, या ॲपवर महिनोन्‌महिने वाट पाहून सीमेवरच्या मुलाखतीची वेळ मिळवलेले सुमारे ३० हजार लोक मेक्सिकोत उभे होते. त्यांच्या वेळा रद्द झाल्या. रांगेत उभे राहिलेल्यांनाच पहिला फटका बसला.

कायदा आणि फर्मान यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. लँकफर्ड यांच्या विधेयकात दरवाजा बंद करण्याच्या अधिकाराला कुंपण होते : पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २७० दिवस, पुढे आणखी कमी आणि तीन वर्षांनी अधिकारच संपुष्टात. बंदीच्या काळातही अधिकृत नाक्यांवर रोज किमान १,४०० लोकांचे अर्ज घ्यायचे बंधन होते. ट्रम्प यांच्या जानेवारी २०२५ च्या आदेशाला असे कोणतेही कुंपण नव्हते. तो १९५२ च्या कायद्यातल्या २१२(एफ) या कलमावर उभा होता. देशहिताला बाधक वाटेल अशा परदेशी लोकांचा प्रवेश अध्यक्षाने थांबवावा, एवढेच ते कलम सांगते. बायडन यांनी जून २०२४ मध्ये याच कलमाचा आधार घेतला होता. आणि जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर जी प्रवेशबंदी आली, तिचा आधारही हेच कलम होते. तिची सुधारलेली आवृत्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवली.

मिशिगनमधल्या डिअरबॉर्न या अरबी वस्तीच्या शहरात नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, तर हॅरिस यांना ३६ टक्के मते पडली. गाझाच्या रागातून पडलेली ती मते होती आणि तो राग खरा होता. पण २० जानेवारी २०२५ च्या आदेशांमध्ये आणखी एक आदेश होता : ज्या देशांतून येणाऱ्यांची पुरेशी तपासणी होत नाही, अशा देशांची यादी साठ दिवसांत सादर करा. ती मुदत मार्च २०२५ मध्ये संपणार होती. तिथल्या अनेक कुटुंबांचे अर्धे नातेवाईक लेबनॉन, येमेन, इराकमध्ये आहेत. यादीत कोणती नावे येतील, याकडे तेव्हा त्यांचे डोळे लागले होते.

महाराष्ट्राचाही या कागदाशी संबंध होता, आणि तो ५ फेब्रुवारीला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानापुरता नाही. बेड्या घालून परत पाठवलेल्या १०४ भारतीयांच्या त्या विमानात तिघे महाराष्ट्रातले होते. संसदेत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सांगितले त्याप्रमाणे २००९ पासून पंधरा हजारांहून अधिक भारतीय असे परत आले आहेत. जमीन विकून, कर्ज काढून दलालाच्या हाती पैसे देणाऱ्यांची ती बाजू. पण पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगरमधून एच-वन-बी व्हिसावर सरळ मार्गाने गेलेली कितीतरी घरे ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. भारतीयांसाठी ही रांग काही दशकांची आहे, कारण नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या कार्डांत कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्या ३७० पानांत यांच्यासाठीही चार ओळी होत्या. पाच वर्षे दरवर्षी ५० हजार जादा व्हिसा, त्यातले १८ हजार नोकरीचे. सुमारे एक लाख जोडीदारांना कामाचा हक्क. आणि आईवडिलांसोबत लहानपणी गेलेल्या, तिथेच शाळा शिकलेल्या मुलांना वयाची एकवीस वर्षे पूर्ण होताच परदेशी ठरवले जाते, त्यातून सुमारे अडीच लाख मुलांची सुटका.

सीमेच्या भांडणात हे कलम कोणी वाचलेही नाही. पुढे याच घरांपुढे नवा प्रश्न आला. १९ फेब्रुवारी २०२५ नंतर जन्मलेल्या बाळाची आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला जन्माने नागरिकत्व मिळणार नाही, असा आणखी एक अध्यक्षीय आदेश निघाला. लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी इथून आजी-आजोबा तिकडे जातात, ती ही बाळे. २०२५ च्या सुरुवातीला वेगवेगळ्या न्यायालयांनी आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली होती. तेव्हा खटले चालू होते.